मतपेटी आणि वजनकाटा

कांदा चाळीत ठेवता येतो, कापूस घरात रचून भावाची वाट बघता येते, सोयाबीन गोदामात टाकून त्यावर तारण कर्ज काढता येतं. तोडलेल्या उसाला यातली एकही सोय नाही. कोयता लागला की दिवसभरात तो कारखान्याच्या गव्हाणीत पडावा लागतो. उशीर झाला की वजन घटतं आणि साखरही. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो आणि एवढ्या मेहनतीनंतर तो घालायचा कुठे, तर जवळच्याच कारखान्याला. लांबची वाहतूक परवडत नाही. म्हणून उसाच्या पट्ट्यात 'यंदा दर किती' या प्रश्नाआधी 'चेअरमन कोण' हा प्रश्न विचारला जातो.

हा चेअरमन सभासदांच्या मतांतून येतो, आणि तोच पुढे आमदारकीला, खासदारकीला उभा राहतो. कारखान्याची निवडणूक आणि विधानसभेची निवडणूक एकमेकींत इतकी गुंतलेली आहे की कुठली कुठल्यासाठी लढवली जाते हे सांगणं अवघड. या गुंत्याने शेतकऱ्याला भाव मिळवून दिला आणि त्याच गुंत्याने तो कापूनही घेतला. हे दोन्ही कसं घडलं, ते बघायला कालव्यापासून सुरुवात करावी लागते.

इंग्रजांनी दख्खनमध्ये कालवे काढले ते दुष्काळावरचा उपाय म्हणून. नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकातला, प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरं झालं. पाणी आलं, पण बाजरी-ज्वारीच्या भरवशावर पाणीपट्टी वसूल होईना. पाण्याचा दाम देऊ शकणारं पीक ऊस होतं. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळालं आणि देशात तीसेक कारखाने होते ते तीन-चार वर्षांत शंभरावर गेले. नगर जिल्ह्यात हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होताच. अशा कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकवत. ज्यांनी आपली जमीन राखली ते गूळ करत, आणि गुळाचा बाजार पडला की सावकाराच्या दारात उभे राहत. सासवडच्या माळी बागायतदारांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. तो शेतकऱ्यांचाच होता, पण कंपनी कायद्याखाली. तिथे ज्याचे शेअर जास्त त्याचा शब्द मोठा.

लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी दुसरी वाट धरली. १९२३ मध्ये त्यांनी गावात पतपेढी काढली होती, त्यामुळे सहकारी कायदा त्यांना पाठ होता. त्या कायद्यात एक साधी अट होती: सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. सहकारी साखर कारखान्याची कल्पना तिथे पक्की झाली. पुढची चार-पाच वर्षं विखे पाटील गावोगाव भाग-भांडवल गोळा करत फिरले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले, सरकारने भाग घेतले, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिलं. ३१ डिसेंबर १९५० रोजी प्रवरेच्या कारखान्याची चाकं फिरली. पहिली दहा वर्षं चेअरमन गाडगीळ होते. अर्थशास्त्रज्ञाने चेअरमन असणं आज नवलाचं वाटेल. तेव्हा त्या खुर्चीला राजकीय किंमत आलेली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

ती किंमत येऊ लागली पाच-सहा वर्षांत. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून केंद्र सरकारने नव्या कारखान्यांचे परवाने देताना सहकाराला झुकतं माप दिलं. त्याच सुमारास राज्यात काँग्रेसच्या पायाखालची वाळू सरकली. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला चारीमुंड्या चीत केलं. मुंबई राज्यातली सत्ता टिकली ती गुजरात आणि विदर्भाच्या जिवावर. ग्रामीण बहुजन समाज परत कसा जोडायचा, हा यशवंतराव चव्हाणांपुढचा प्रश्न होता. शेतकरी कामगार पक्षातल्या कार्यकर्त्यांना नुसतं 'या' म्हणून भागणार नव्हतं. आलेल्या माणसाला करायला काही काम आणि धरायला काही सत्ता लागते. बेरजेचं राजकारण म्हणतात ते याला. १९६० मध्ये राज्य झालं, त्याच वर्षी सहकारी संस्थांचा नवा कायदा झाला, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कारखाना, जिल्हा बँक आणि जिल्हा परिषद ही तिन्ही सत्तास्थानं अशी दोन-चार वर्षांत एकाच पिढीच्या हाती आली.

पैशाचं गणित पुढे असं बसलं: उभारणीच्या खर्चातले दहा टक्के सभासदांचे, तीस टक्के सरकारी भाग-भांडवलाचे आणि साठ टक्के कर्ज, त्यालाही सरकारची थकहमी. म्हणजे दहा टक्के घालणाऱ्यांच्या मतांवर शंभर टक्क्यांचा कारभार. त्यात गैर काही नव्हतं, भांडवल नसलेल्याला भांडवल मिळावं हाच हेतू होता. पण परवाना, थकहमी आणि कार्यक्षेत्र ही तिन्ही कुलपं मुंबईत होती. मंत्रालयात वजन असलेल्याचा कारखाना लवकर उभा राहणार हे उघड होतं, आणि कारखाना उभा करणाऱ्याचं मंत्रालयातलं वजन वाढणार हेही तितकंच उघड. पक्षाला सभेसाठी ट्रक, बूथवर माणसं आणि तालुक्यात खर्च करू शकणारा नेता हवा होता. चेअरमनला सही हवी होती.

असं असूनही पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत या व्यवस्थेने काम केलं, आणि चोख केलं. सांगलीत वसंतदादा पाटील, वारणेत तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीला रत्नाप्पा कुंभार, अकलूजला शंकरराव मोहिते पाटील यांनी कारखान्यांभोवती उपसा सिंचन योजना, दूध संघ, शाळा, दवाखाने उभे केले. उत्तरेतल्या खासगी कारखान्यांच्या तुलनेत इथला साखर उतारा वरचढ राहिला. त्यात हवामानाचा वाटा मोठा आहे, पण तोडणी आणि वाहतुकीची जबाबदारी कारखान्याने घेतली, ऊस ताजा गाळला, याचाही आहे.

ते का जमलं, याचा अभ्यास करायला मानववंशशास्त्रज्ञ आले. बी. एस. बाविस्करांनी कोपरगावचा कारखाना जवळून पाहिला, डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी बारामतीजवळच्या माळेगावचा. अ‍ॅटवुड यांचं म्हणणं साधं आहे: उसाच्या बाबतीत लहान-मोठ्या शेतकऱ्याचं हित बरंचसं एकच असतं. दोघांचाही ऊस वेळेवर जायला हवा, दोघांनाही टनाला चांगला दर हवा. मोठ्या बागायतदाराला स्वतःच्या उसाचा दर वाढवायचा तर दोन एकरवाल्याचाही वाढवावा लागतो. त्यात गटबाजी होती, आणि ती कामाची होती. दर पाच वर्षांनी समोर दुसरं पॅनेल उभं राहायचं, शेजारच्या कारखान्याने टनाला किती दिले याचा पाढा प्रचारसभेत वाचला जायचा, आणि कारभार ढिला असेल तर सत्ता पालटायची. मतपेटीने वजनकाटा सरळ ठेवला.

मग तो झुकला कसा? त्यासाठी काट्याशी आणि मग कार्यालयातल्या खतावणीशी थांबावं लागेल. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, भरलेलं वजन होतं. गव्हाणीत मोळ्या पडल्या की रिकाम्याचं वजन होतं आणि फरकाची पावती निघते. इथे टनामागे काही किलो मारले तर त्याला काटामारी म्हणतात, आणि काटे डिजिटल करून सरकारी नियंत्रणात आणा ही मागणी ऊस परिषदांमध्ये वर्षानुवर्षं होते आहे. पण काटामारी निदान दिसते तरी. खतावणीतली वजाबाकी सभासदाच्या डोळ्यांपुढे येत नाही. साखर, मळी, बगॅस, आणि आता वीज व इथेनॉल यांच्या विक्रीतून तोडणी-वाहतूक, पगार, रसायनं, व्याज, घसारा हे सगळं वजा जाऊन दर ठरतो. त्यातून परतीच्या ठेवी, बिनपरतीच्या ठेवी, विस्तारासाठी कपात, शिक्षणसंस्थेला देणगी, कुठला ना कुठला निधी. पहिली उचल, दुसरा हप्ता आणि दिवाळीच्या तोंडावर अंतिम बिल, अशा तुकड्यांनी पैसे येतात. वार्षिक सभेत अहवाल हातात पडतो तोवर पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' सुरू झालेलं असतं. टनाला पन्नास रुपये कमी पडले तर एका शेतकऱ्याचे काही हजार जातात. दहा लाख टन गाळपावर तेच पाच कोटी होतात.

हे पाच कोटी जातात कुठे? अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देवराज रे या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या शंभरेक सहकारी कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातली आकडेवारी तपासून २००१ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचा निष्कर्ष अ‍ॅटवुड यांच्याहून वेगळा होता. कारखान्यावर पकड असलेले मोठे शेतकरी उसाचा दर मुद्दाम खाली ठेवतात. दर सगळ्यांचा कमी होतो, पण त्यातून साठलेल्या शिल्लकेवर ताबा त्यांचाच असतो. त्या पैशातून कॉलेज निघतं, मंगल कार्यालय निघतं आणि त्यांच्या पाट्यांवर नावं कुणाची लागतात ते गावाला माहीत असतं.

पुढचा धागा अर्थशास्त्रज्ञ संदीप सुखटणकर यांनी २०१२ च्या निबंधात पकडला. त्यांनी राज्यातले १८३ कारखाने घेतले. त्यांपैकी १०१ कारखान्यांच्या अध्यक्षांनी १९९३ ते २००५ दरम्यान विधानसभेची किंवा लोकसभेची निवडणूक लढवली होती. निवडणुकीच्या वर्षी अशा राजकीय कारखान्यांनी दिलेला उसाचा दर घसरलेला आढळला. कर्जाची अडचण, साखरेची मागणी अशी इतर कारणं तपासूनही घसरण उरली. ती प्रचाराच्या खर्चाकडे बोट दाखवते. पण कहाणी तिथे संपत नाही: चेअरमन निवडून येऊन सत्तेत बसला की त्याच्या कारखान्याचा दर वर चढल्याच्या खुणाही त्यांना मिळाल्या. शेतकऱ्याने आधी टनामागे वर्गणी दिली, मग सत्तेतून तिची काही परतफेड झाली. नेता हरला तर वर्गणी बुडाली. उसाच्या पट्ट्यातला शेतकरी चिडूनही चेअरमनला मत का देतो, याचं एक उत्तर या व्यवहारात आहे.

उत्तर प्रदेशात कारखाने बहुतांशी खासगी आहेत, आणि तिथे भाव राज्याचं मंत्रिमंडळ जाहीर करतं. तिथली निवडणूक भाव पाडत नाही, चढवते. लवकर पक्व होणाऱ्या वाणाचा क्विंटलचा भाव २०१७ पासून ३२५ रुपयांवर थिजला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये, विधानसभेला काही महिने उरले असताना, तो ३५० झाला. पुढचे दोन हंगाम पुन्हा शांततेत गेले आणि लोकसभेच्या तोंडावर, जानेवारी २०२४ मध्ये, ३७० झाला. दिलेला भाव कारखान्यांना झेपत नाही, मग थकबाकी साचते. दोन राज्यांतला फरक नेत्यांच्या सचोटीचा नाही. लखनौत वाढीव भाव चुकवणाऱ्याचा खिसा वेगळा आणि श्रेय घेणाऱ्याचा वेगळा. महाराष्ट्रात दोन्ही एकाच माणसाच्या हाती. पक्ष बाजाराच्या कुठल्या बाजूला बसला आहे, त्यावर निवडणुकीच्या वर्षी दर कुठे जाणार ते ठरतं.

महाराष्ट्रात १९८० नंतर चेअरमनच्या खुर्चीची किंमत वाढत गेली आणि कारखान्यांची संख्याही. पाणी कुठे आहे यापेक्षा कार्यकर्ता कुठे आहे, हे बघून नोंदणी मिळू लागली. मराठवाड्यातल्या कोरड्या तालुक्यांत धुराडी उभी राहिली. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली तेव्हा हा खेळ मोडण्याची संधी होती. त्यांनीही तोच खेळला. ज्यांना काँग्रेसच्या सहकाराशी टक्कर द्यायची होती त्यांना स्वतःचा कारखाना हवा होता. परळीला भाजपच्या गोपीनाथ मुंडे यांनी वैद्यनाथ कारखाना उभा केला. विरोधी पक्षानेही हाच मार्ग निवडला, म्हणजे हा एका पक्षाचा दोष नव्हता. ग्रामीण महाराष्ट्रात पक्ष चालवायचा तर असा कारखाना लागतो, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं.

या बंदिस्तीवर पहिला घाव मतपेटीबाहेरून पडला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात कांद्यापाठोपाठ उसाचं आंदोलन केलं. चेअरमन बदलण्याऐवजी भावाचा हिशेब मागायचा आणि ऊस हवा तिथे घालू द्या म्हणायचं, ही भाषा नवी होती. तोवर झोनबंदी होती. ज्याच्या कार्यक्षेत्रात शेत, त्यालाच ऊस. १९९० च्या दशकाअखेरीस ती उठली, १९९८ मध्ये केंद्राने साखर उद्योगाचे परवानेही काढून टाकले. पुढे राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी संघटनेने जयसिंगपूरच्या ऊस परिषदेतून पहिल्या उचलीचा आकडा आधी जाहीर करायची प्रथा पाडली. कोल्हापूर-सांगलीत कारखाने एकमेकांजवळ आहेत, ऊस पळवायला शेजारी टपलेला आहे. तिथे ती मागणी लागू पडली. जिथे पन्नास किलोमीटरवर एकच धुराडं, तिथे परिषदेचा आवाज पोहोचला नाही.

वरच्या मजल्यावरून दार पुन्हा लोटून घेण्याचे प्रयत्न मात्र चालूच राहिले. दोन कारखान्यांमधलं अंतर केंद्राने १५ किलोमीटर ठरवलं, महाराष्ट्राने ते २५ केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये परराज्यात ऊस न्यायला बंदी घालणारी अधिसूचना निघाली. सीमाभागातले शेतकरी भडकल्यावर काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे द्यायला हवेत, उशिराला पंधरा टक्के व्याज. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याने रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, दोन तुकड्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. राज्याच्या या तीन निर्णयांच्या काळात सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती. चेअरमन मात्र सगळ्याच बाकांवर होते.

दरम्यान आजारी कारखाने कर्जात बुडाले, थकहम्या सरकारच्या अंगावर आल्या. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून, कारखान्यांना कर्ज देणाऱ्या राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त झालं. कित्येक सहकारी कारखाने लिलावात खासगी झाले, आणि घेणाऱ्यांत पुढारी आणि त्यांचे गोतावळे कमी नव्हते. जिथे सभासदाला मत होतं, तिथे तो आता फक्त ऊस पुरवणारा उरला. ज्यांचे कारखाने सहकारी राहिले त्यांना दिल्ली-मुंबईची सही अजूनही लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय आलं, राष्ट्रीय सहकारी विकास निगमाची कर्जं राज्याच्या थकहमीवर मिळू लागली. कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, यावर प्रत्येक वेळी वाद झाला. प्रवरेच्याच घराण्याने काँग्रेस, शिवसेना, पुन्हा काँग्रेस आणि २०१९ मध्ये भाजप असा प्रवास केला. पक्ष बदलले की टीका होते, पण थकहमी सत्तेकडे असेल तर कारखानदार सत्तेकडे जाणार. हे त्या व्यवस्थेचंच शिक्षण आहे.

आणि या मतदार यादीत एक नाव कधीच नव्हतं. बीड, पाथर्डी, आष्टीकडून येणारी ऊसतोड टोळी कारखान्याची सभासद नसते. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको एका कोयत्याच्या हिशेबात निघतात. कारखान्याच्या निवडणुकीत त्यांचं मत नाही, आणि हंगाम सुरू होण्याच्या दिवसांत विधानसभा आली तर गावातलं मतही सुटायची धास्ती. ऊस पिकवणाऱ्याला टनाचा दर मिळवून देणाऱ्या या लोकशाहीत ऊस तोडणाऱ्याची मजुरी ठरते ती संप आणि लवादाने. ज्याला मत नाही त्याचा हिशेब खतावणीत सर्वांत शेवटी येतो, याला यापेक्षा ठळक पुरावा नको.

एवढ्या वाटचालीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. 'सहकारातून राजकारण हद्दपार करा' ही आरोळी पोकळ आहे. राजकारण नसतं तर बेलापूर कंपनीच टिकली असती. शेतकऱ्याला चांगला दर तेव्हाच मिळाला जेव्हा त्याच्या हाती दोन गोष्टी एकाच वेळी होत्या: चेअरमन बदलायचं मत आणि ऊस दुसरीकडे न्यायची मोकळीक. नुसतं मत असलं की ते चेअरमनच्या विधानसभेच्या खर्चाला गहाण पडतं. नुसती मोकळीक असली की खासगी कारखानदार आपसात दर ठरवून मोकळे होतात.

तिसरी गोष्ट अजून कुणी दिली नाही, ती म्हणजे वेळेवर हिशेब. विधानसभेची असो वा कारखान्याची, निवडणूक जाहीर होण्याआधी त्या हंगामाचा अंतिम दर, टनामागची प्रत्येक कपात आणि कारखान्याने दिलेल्या देणग्यांची यादी लेखापरीक्षकाच्या सहीने काट्याजवळच्या फलकावर लागली पाहिजे, आणि शेजारच्या चार कारखान्यांचे आकडेही त्याच फलकावर. सध्याच्या सहकार कायद्यात त्यासाठी एका कलमाची भर पुरेशी आहे. ते कलम विधानसभेत मांडायचं तर बऱ्याच चेअरमनांना स्वतःविरुद्ध हात वर करावा लागेल, आणि म्हणूनच ते आपणहून मांडलं जाणार नाही. कारखान्याच्या पुढच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलांच्या जाहीरनाम्यात ते लिहून घेणं, एवढं मात्र सभासदाच्या हातात आजही आहे.